खिडक्यांच्या कड्या

लेथवाल्याचा आवाज मोठा होता आणि त्याचं त्याला काही वाटत नव्हतं. वाटायचं कशाला? दोन लेथ, एक ड्रिल मशीन आणि कोपऱ्यात किंचाळणारा ग्राइंडर, एवढं सगळं एका पत्र्याच्या शेडखाली दिवसभर चालू असताना माणूस गोड गळ्यानं बोलायला लागला तर कामगारांना ऐकू तरी जाईल का? सबंध दिवस लोखंडावर ओरडून आलेल्यानं संध्याकाळी घरात शिरल्या शिरल्या कुजबुजायला लागावं, ही अपेक्षाच मुळात चुकीची, असं त्याचं म्हणणं. राग नाकावर असतो हेही तो कबूल करायचा, अगदी हसत हसत. त्याच्या मागोमाग एक वाक्य मात्र ठरलेलं असायचं, की बायकोवर किंवा मुलीवर आजवर हात उचललेला नाही. ते खरंही होतं. कधी ताट सरकवलं असेल, कधी वर्तमानपत्र भिरकावलं असेल, एकदा रागाच्या भरात रेडिओ फडताळावरून खाली आला असेल. एवढं तेवढं कुणाच्या घरात होत नाही, सांगा.

घराबद्दल त्याची तक्रार एकच होती. घर कोंदट असायचं. दुसऱ्या मजल्यावरचं घर, प्रत्येक खोलीला चांगली ऐसपैस खिडकी, आणि तो घरी यावा तेव्हा सगळ्या बंद. भर उन्हाळ्यातसुद्धा. बायकोला विचारलं की ती म्हणायची, मला वारा सोसत नाही. आमच्या हिला जन्माची थंडी आहे, असं तो चारचौघांत सांगायचा आणि लोक हसायचे. त्या घरात खिडक्यांच्या कड्याही टिकत नसत. नव्या बसवाव्यात, तर बघता बघता दांडे झिजून खुळखुळायला लागायचे. बाजारचा माल असाच, म्हणून शेवटी त्यानं सगळ्या कड्यांचे दांडे स्वतःच्या लेथवर काढले. स्टेनलेस स्टीलचे, कॅलिपर लावून मापात बसवलेले, नुसत्या बोटानं सरकावेत आणि आवाज म्हणून येऊ नये असे. बायकोनं एक कडी सरकवून पाहिली आणि म्हणाली, छान झाल्या, आता पटकन लागतात. त्याला ते कौतुक वाटलं. नवऱ्याच्या हातच्या कामाचं आणखी काय कौतुक करणार, बिचारी फार बोलणारी नव्हतीच.

तर अशा या घरात एक दिवस मुलीनं बाँब टाकला. ती रक्त तपासणाऱ्या लॅबमध्ये कामाला होती, आणि तिला दुसऱ्या शहरात मोठ्या लॅबची नोकरी लागली होती. राहायला दोन खोल्या मिळणार होत्या. महिनाअखेर निघायचं होतं. इथवर सगळं ठीक. पण जेवता जेवता, भाजी वाढून घ्यावी इतक्या सहज ती म्हणाली की आईलाही मी बरोबर नेणार आहे, कायमची. लेथवाल्यानं घर डोक्यावर घेतलं. काय काय बोलला ते त्याचं त्यालाही नंतर आठवलं नाही. बायको ताटाकडे बघत बसली होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी चहा देताना बायको एवढंच म्हणाली की पलीकडच्या शाळेत रविवारी मोठ्या माणसांसाठी धर्माचा वर्ग भरतो, तिथे जाऊन बघा. तो संपू दे, मग माझं काय ते सांगते. यात हो नव्हतं आणि नाहीही नव्हतं. पण लेथवाल्याच्या कानांनी ऐकलं ते असं, की परीक्षा आहे, पास झालात तर मी राहते. परीक्षेला तो भिणारा नव्हता. भीती होती ती दुसऱ्याच गोष्टीची. काम करता करता एकदम डोळ्यांसमोर यायचं की आपण जिना चढून वर गेलोय आणि दाराला कुलूप आहे. मग तो कुणावर तरी ओरडायचा.

वर्ग भरायचा तो लहान मुलांच्या खोलीत. बाकं एवढीशी, की मोठ्या माणसांचे गुडघे हनुवटीला लागायचे. शिकवणारे सर आयुष्यभर शाळेत कवायत घेऊन निवृत्त झालेले. शिट्टी अजून गळ्यात असायची, म्हणून सगळे त्यांना ड्रिल सर म्हणत. ग्रंथ त्यांना मुखोद्गत होता, पण अध्याय वाचून झाला की अर्थ सांगत बसायचा त्यांना कंटाळा. त्यांचा सगळा जीव गृहपाठात. आणि गृहपाठ तपासायची त्यांची तऱ्हा तर जगावेगळीच. वह्या ते बघतच नसत. वहीत माणूस स्वतःला शोभेल तेच लिहितो, असं म्हणायचे.

चहाडीचा अध्याय झाला, तेव्हा त्यांनी लोकरीचा गुंडा आणला. आठवड्यात वर्गातल्या ज्याच्याबद्दल माघारी बोलला असाल त्याच्याकडे गुंडा फेका, दोरा हातात धरून ठेवा. थोड्या वेळात सगळा वर्ग असा काही गुरफटला की चष्मेवाल्याचा चष्मा लोकरीत लटकून राहिला. लोभाच्या अध्यायाला म्हणाले, दुसऱ्याला द्यायची ठरवली आणि देववली नाही अशी वस्तू घेऊन या. पार्लरवालीनं केस वाळवायचं मशीन आणलं, सगळ्यांसमोर टेबलावर ठेवलं, आणि जाताना परत घेऊन गेली. दुसऱ्याचं ऐकून घेण्याचा गृहपाठ होता तेव्हा दोघादोघांना पाठीला पाठ लावून बसवलं, एकानं मनातलं सांगायचं आणि दुसऱ्यानं ऐकलेलं फळ्यावर काढून दाखवायचं. लेथवाल्याच्या वाट्याला आलेला माणूस आपल्या भावाच्या अपघाताबद्दल बोलला. लेथवाल्यानं फळ्यावर मोटारसायकल काढली, आणि तीही इतकी बारकाईनं की चेन, स्पोक सगळं दिसत होतं. त्यात भाऊ कुठे नव्हताच. सगळे हसले, तोही हसला.

असे वर्ग चालले होते. अध्याय पाठ म्हणण्यात लेथवाल्याचा हात कुणी धरत नव्हतं. आपण पहिल्या नंबरात आहोत असं तो घरी सांगायचा. बायको म्हणायची, बरं आहे.

आणि मग शेवटून दुसऱ्या रविवारी सरांनी फळ्यावर गृहपाठ लिहिला. या आठवड्यात घरातलं कुणीही तुम्हाला घाबरता कामा नये. बस, एवढंच. लेथवाल्याला तर हसूच आलं. हे काय गृहपाठ झालं? याच्याइतका सोपा पेपर तर शाळेतही कधी आला नव्हता. आपल्याला कोण घाबरतंय?

तरी त्यानं तो गृहपाठ मनापासून केला. त्याचं श्रेय त्याला दिलंच पाहिजे. आठवडाभर तो घरात एकदाही ओरडला नाही. चहा गार झालेला होता, गुपचूप प्यायला. डब्यात चमचा ठेवायला बायको विसरली, तर बोटांनी जेवून घरी आला आणि त्याचा उल्लेखही केला नाही. मुलगी त्याच्या देखत कपाटातले कपडे बॅगेत भरत होती. त्याची जीभ वळवळायला लागली. तो उठला, खाली गेला आणि चांगली स्वच्छ असलेली फटफटी पुसत बसला. शनिवारी फारच उकडत होतं, तेव्हा अगदी मऊ आवाजात त्यानं म्हटलं की अगं, एखादी खिडकी उघड ना. बायको म्हणाली, राहू द्या, धूळ येते. तो बरं म्हणाला. स्वतःवर तो इतका खूश झाला होता की घाम पुसायलाही विसरला.

त्याआधीच सरांनी निरोप धाडला होता, की येत्या रविवारी प्रत्येकानं घरचं एक माणूस बरोबर आणायचं, गृहपाठ तेच तपासतील. हे ऐकून लेथवाल्याची कळी खुलली. सगळा आठवडा बायकोच्या डोळ्यांसमोर गेला होता, आता तीच सगळ्यांसमोर सांगेल, आणि एकदा चारचौघांत सांगितलं की जायचं खूळही डोक्यातून जाईल. बायको आढेवेढे घेत होती. मुलगी म्हणाली, चल आई, मीही येते. दोघी मुलीच्या स्कूटरवरून गेल्या, तो फटफटीवरून पुढे.

सकाळची वेळ होती. खोलीच्या दोन्ही बाजूंना खिडक्या, सगळ्या सताड उघड्या, आणि छान वारा खेळत होता. सरांनी खोलीच्या मधोमध एक खुर्ची ठेवली होती, फळ्याकडे तोंड करून. खुर्चीच्या मागे टेबल. त्यांनी सांगितलं की घरच्या माणसानं खुर्चीत बसायचं, डोळे मिटायचे, हात गुडघ्यांवर ठेवायचे. वर्गातले सगळे बाहेर व्हरांड्याच्या टोकाला उभे राहतील. मग एकेकानं आपापल्या नेहमीच्या चालीनं यायचं, हातातला पेला टेबलावर ठेवायचा आणि बाकावर जाऊन बसायचं. बोलायचं कुणीच नाही. त्या एकेकांत कुठेतरी खुर्चीतल्याचं आपलं माणूस असेल, कितव्या नंबराला ते मी ठरवीन.

चष्मेवाल्यानं विचारलं, की मग घरच्यांना काही विचारणार नाही का तुम्ही?

"नाही," ड्रिल सर म्हणाले. "तोंडाला शिकवून आणता येतं. खांद्यांना नाही येत. मी आयुष्यभर खांदेच बघत आलोय."

लेथवाल्याला हे मुळीच पटलं नाही. ही काय पद्धत झाली? बोलूच द्यायचं नाही म्हणजे आठवडाभराची मेहनत पाण्यातच की. पण सरांपुढे कोण बोलणार.

पहिली बसली ती चष्मेवाल्याची बायको. लोक येत होते, पेले ठेवत होते, नवराही येऊन गेला, आणि हिच्या खांद्याला कसली हालचाल नाही. जवळ जाऊन बघितलं तर बाई गाढ झोपलेल्या. सरांनी चष्मेवाल्याची पाठ थोपटली आणि म्हणाले, उत्तम. मग पार्लरवालीची सासू बसली. दोनचार जण येऊन गेले तोवर सासूबाई एका हातात मोबाइल धरून निवांत होत्या, पण सुनेच्या उंच टाचा व्हरांड्यात वाजल्या मात्र, मोबाइल झटकन मांडीखाली गेला. डोळे मिटलेलेच. सगळा वर्ग खो खो हसला, पार्लरवालीचा चेहरा तेवढा उतरला. ती नंतर बाकावर बसून किती वेळ सासूच्या हाताकडे बघत होती.

मग लेथवाल्याची बायको खुर्चीत बसली. मुलगी मागच्या बाकावर, खिडकीपाशी. लेथवाला हातात पेला घेऊन व्हरांड्याच्या टोकाला उभा राहिला. तिथून खोलीतलं काही दिसत नव्हतं. एकेक जण जात होता, पेल्याचा आवाज होत होता आणि मग शांतता. त्याला जरा धाकधूक वाटायला लागली, आणि धाकधूक वाटते याचा रागही आला. सरांनी दारातून त्याला मान हलवून खूण केली. तो निघाला. निघताना सवयीप्रमाणे खाकरला. लोखंडाचा बारीक कीस नाकातोंडात जाऊन जाऊन त्याला तो खोकला जडला होता, चालायला लागला की आपोआप यायचा.

तो दारात पोचला तेव्हा खुर्ची रिकामी होती.

त्याला आधी काही समजेना. बायको डाव्या बाजूच्या खिडकीशी उभी होती. तिनं खिडकी ओढून घेतली, कडी सरकवली आणि पुढच्या खिडकीकडे वळली. उजव्या बाजूला मुलगी तेच करत होती. दोघी एकमेकींकडे बघत नव्हत्या, बघायची गरजच नव्हती. ही इकडची ओढते तोवर ती तिकडची, हिची कडी लागते तोवर तिच्या हातात पुढच्या खिडकीचं दार. इतकं बिनचूक, इतकं बिनआवाजी, आणि केवढ्या झपाट्यानं. शाळेच्या जुन्या गंजक्या कड्या त्या दोघींच्या बोटांखाली मुकाट सरकत होत्या. वारा थांबला. खोली अर्धी अंधारली. शेवटची खिडकी लावून बायको वळली, आणि तेव्हा तिला दिसलं की आपण कुठे आहोत. तिचा हात कडीवरच राहिला.

पार्लरवालीनं तोंडावर हात धरला होता. सरांनी शिट्टी ओठांपर्यंत नेली होती ती तशीच खाली सोडून दिली.

आता लेथवाल्यानं काय करावं? पेला हातात धरून तो दारात उभा, आणि अगदी काळजीनं, मऊ आवाजात त्यानं बायकोला विचारलं, थंडी वाजते का गं तुला?

कुणीही हसलं नाही. सगळी खोली आपल्याकडे बघते आहे, सगळ्यांना काहीतरी कळलेलं आहे आणि ते आपल्याला एकट्यालाच कळलेलं नाही, एवढं त्याला कळलं. त्यानं मुलीकडे पाहिलं. ती पांढरीफटक पडली होती. पण तिनं नजर वळवली नाही.

"तुम्ही जिन्याखाली खोकता ना बाबा, तेव्हा आम्ही लावायला घेतो," ती म्हणाली. "आधी स्वयंपाकघराची, ती गल्लीवर आहे. मग आईच्या खोलीची, कारण पलीकडच्या आजी आजारी असतात, त्यांना तुमच्या आवाजानं धडधडतं. तुम्ही दारात येईपर्यंत सगळ्या होतात."

"कधीपासून?" लेथवाल्यानं विचारलं.

"मला आठवतंय तेव्हापासून. आधी मी स्टुलावर चढून लावायची."

बायको हलक्या आवाजात म्हणाली, पुरे गं. आणि मग त्याच्याकडे न बघता म्हणाली, चुकून झालं, लक्षातच नाही आलं. जणू तिच्याकडून पेला फुटला होता.

लेथवाल्याच्या कानांत ग्राइंडर सुरू झाल्यासारखं झालं. ओरडावं असं वाटलं, आणि वाटल्याबरोबर लक्षात आलं की आता हवं तेवढं ओरडण्याची सोय झालेली आहे, सगळ्या खिडक्या बंद आहेत. ते लक्षात येताच तो हादरला. मग त्याला आठवल्या घरच्या कड्या, ते झिजलेले दांडे. एकेक दांडा हातात घेऊन त्यानं कॅलिपर लावला होता आणि बाजारच्या मालाला शिव्या दिल्या होत्या. लोखंड तेवढं झिजायला ते किती वेळा सरकावं लागतं, हे त्या खोलीत त्याच्याइतकं कुणालाच माहीत नव्हतं. आणि मग त्यानं काय केलं? नवे दांडे करून दिले. पटकन लागणारे. आवाज न करणारे.

त्यानं पेला टेबलावर ठेवला. सरांनी तो उचलून बाजूला ठेवला. त्यांनी काही शेरा मारला नाही. एरवी प्रत्येकाला काहीतरी बोलायचे, त्या दिवशी खिडक्या उघडायलाही विसरले. वर्ग संपला असं कुणी म्हटलं नाही, लोक आपापले उठून गेले. बायको आणि मुलगी स्कूटरवरून निघून गेल्या. चष्मेवाला जाताना त्याच्या खांद्याला हात लावून गेला, आणि लेथवाला दचकला.

तो बाकं सरळ लावत बसला. मग खिडक्या उघडल्या, एकेक करून सगळ्या. ड्रिल सर दाराशी कुलूप घेऊन उभे होते, पण त्यांनी घाई केली नाही. लेथवाल्यानं त्यांना विचारलं की मी नापास का. सर म्हणाले, मला नका विचारू. त्यानं पुन्हा विचारलं की आठवडाभर एकदाही ओरडलो नाही, त्याचं काहीच नाही का. सरांनी गळ्यातली शिट्टी काढून खिशात टाकली.

"त्यांना ते कसं कळणार?" ते म्हणाले. "त्या तर आठवडाभर तुमच्या ओरडण्याची वाट बघत बसल्या असतील."

तो घरी चालत निघाला. फटफटी शाळेच्या फाटकाशी तशीच राहिली, किल्ली खिशात. आपण चालतोय हेही त्याच्या ध्यानात नव्हतं. आठवडाभर केलेला मऊ आवाज आता त्याला सगळ्यात जास्त छळत होता. आपण गार चहा प्यायलो, तेव्हा ती समोर उभी होती. काय वाटलं असेल तिला? आज चहावरून नाही, मग कशावरून? डब्याचा चमचा आठवला असेल, आणि तो काहीच बोलला नाही म्हणून ती आणखीच घाबरली असेल. लाज वाटली त्याला. रस्त्यावर माणसं होती, दुकानं उघडी होती, आणि लेथवाला भर दुपारी डोळे पुसत चालला होता.

गल्लीच्या तोंडाशी त्यानं मान वर केली आणि जागच्या जागी थांबला. दुसऱ्या मजल्यावरचं ते घर त्याला आपलं वाटेना. सगळ्या खिडक्या उघड्या होत्या. स्वयंपाकघराचा पडदा वाऱ्यानं बाहेर येऊन भिंतीवर फडफडत होता. पडद्याला फुलं आहेत हे त्याला माहीत नव्हतं, आतून तो नेहमी गोळा करून बांधलेला असायचा. खिडकीच्या चौकटीवर कुंडी होती. रेडिओ लागलेला होता, आणि त्याच्या वर आवाज चढवून बायको पलीकडच्या आजींशी बोलत होती, या खिडकीतून त्या खिडकीत. आजी काहीतरी म्हणाल्या. बायको हसली. चांगली मोठ्यानं, गल्लीत ऐकू येईल अशी हसली. हिचा आवाजही मोठा आहे की, त्याला वाटलं. इतक्या वर्षांत त्याला याचा पत्ताच नव्हता. फटफटी गल्लीत शिरली की पडदा, कुंडी, हसू हे सगळं आत ओढलं जात असणार, आणि जिन्याखाली खोकला आला की खिडक्या.

तो गल्लीतल्या उघड्या जिन्यापर्यंत आला, आणि खोकला घशाशी आला.

त्यानं तो दाबला. पहिल्या पायरीवर बसला, तोंडावर रुमाल धरला, श्वास रोखला. छाती फुटेल असं झालं, डोळ्यांतून पाणी यायला लागलं, पण त्यानं खोकला बाहेर येऊ दिला नाही. वर रेडिओ चालू होता. मुलगी काहीतरी विचारत होती, बायको उत्तर देत होती, भांडी वाजत होती. एक साधं, कामात असलेलं, मजेत असलेलं घर. तो तिथेच बसून ऐकत राहिला. वर गेलो तर हे संपेल, हे त्याला आता पक्कं माहीत होतं.

थोड्या वेळानं जिन्यावर चपला वाजल्या. बायको पिशवी घेऊन खाली येत होती. त्याला बघून ती मधेच थांबली, आणि तिचे खांदे वर उचलले गेले, कानांपर्यंत. ड्रिल सर नसतानाही ते आज त्याला दिसलं.

तिनं विचारलं, फटफटी कुठाय. तो म्हणाला, शाळेतच राहिली. तिनं विचारलं, मग वर का नाही आलात. तो म्हणाला, खोकला येत होता.

तिनं पिशवी पायरीवर ठेवली. मग दोन पायऱ्या उतरून आली, पण त्याच्या शेजारी बसली नाही, कठड्याला धरून उभी राहिली.

"मी तिच्याबरोबर जाणार आहे," ती म्हणाली. "हे आजचं नाही. तुमचा वर्ग संपला की सांगणारच होते."

म्हणजे पास-नापास काही नव्हतंच. त्याच्या छातीत तो जुना जाळ भडकला, अगदी ओळखीचा. तोंड उघडलं. आणि नेमकं त्याच वेळी मुलीनं वरून आईला हाक मारायला खिडकीतून डोकं बाहेर काढलं. तिला पायरीवर बसलेला बाप दिसला. डोकं आत गेलं.

त्याला वरून काहीच ऐकू आलं नाही. ऐकू येणारच नव्हतं, कड्या त्यानंच तशा केल्या होत्या. रेडिओ तेवढा एकदम लांब गेला. त्यानं मान वर केली. फुलांचा पडदा आत ओढला गेला होता आणि स्वयंपाकघराची खिडकी बंद होत होती. मग बायकोच्या खोलीची. बायकोनंही वर बघितलं, आणि मग त्याच्याकडे. तिचे खांदे अजून तसेच होते.

"जा," लेथवाला म्हणाला. इतक्या हळू म्हणाला की खिडक्या उघड्या असत्या, तरी वर कुणाला ऐकू गेलं नसतं.